साप चावला, मग पापण्या का तपासतात?

प्रश्न : भातलावणीच्या दिवसांत वडिलांना रात्री झोपेत साप चावला. डॉक्टर मात्र पापण्या आणि मानच पुन्हा पुन्हा तपासत होते. का?
– एक वाचक, मुळशी

उत्तर : रात्री झोपेत साप चावला, की मण्यार या विषारी सापाचा संशय येतो. तिच्या दंशाला बहुधा सूज नसते, खूणही कधी सापडत नाही. विष नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश अडवतं आणि पहिला फटका बहुधा डोळ्यांना बसतो. म्हणून वर टक लावायला सांगून पापण्या गळतात का, एकाचे दोन दिसतात का, हे पाहतात. मग थुंकी गिळणं, उताणं झोपून मान उचलणं. सर्वांत मोलाचं म्हणजे एका दमात आकडे मोजणं. दर खेपेला ते कमी भरले, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. एकदा तपासून भागत नाही. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तडक १०८ ला फोन करा.