पक्षात जा, पण आपल्या पायाने

सावेडी, नगर

चि. बाळास,


तालुक्याच्या युवक आघाडीचं उपाध्यक्षपद तुला देऊ केलंय आणि पुढच्या मेळाव्यात नियुक्तीपत्र घ्यायला बोलावलंय, हे तुझ्याकडून कळलं. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. आधी नोकरीचं बघ, राजकारण आपल्यासारख्यांचं काम नाही, असं मी तुला ठणकावून सांगावं एवढंच तिचं म्हणणं. तिची काळजी मला कळते. पण राजकारण आपलं काम नाही, हे मी तुला सांगणार नाही. कारण मला ते पटत नाही.

तुमच्या तळेगाव दिघे पट्ट्यातल्या माणसाने तर ते मुळीच म्हणू नये. तुमच्या भागाला पाणी देणाऱ्या निळवंडे धरणाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९७० साली. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ रोजी, शिर्डीत, पंतप्रधानांच्या हस्ते. मधल्या त्रेपन्न वर्षांत ताई लग्न होऊन तुमच्या घरी आली, टँकरच्या वेळा सांभाळत तिने तुम्हाला वाढवलं, आणि गुडघे धरले तेव्हा कुठे कालव्यात पाणी दिसलं. या काळात काँग्रेसचं राज्य झालं, पुलोदचं झालं, युतीचं झालं, आघाडीचं झालं. धरण नेमकं कुठे बांधायचं, विस्थापितांना जमीन कुठली द्यायची, कुठल्या वर्षी कालव्याला किती पैसा टाकायचा, हे सगळे निर्णय राजकारणातच झाले, किंवा झाले नाहीत. कालवा कृती समितीच्या शेतकऱ्यांना औरंगाबाद खंडपीठाचं दार वाजवावं लागलं. पाण्यावाचून काढलेली ती वर्षं ताईच्या वाट्याला राजकारणानेच आणली. मग तिच्या मुलाने त्यात पडू नये असं कसं म्हणू?

तेव्हा जायचं असेल तर जा. फक्त तुला काय देऊ केलंय ते नीट बघ. कागदावर ते पक्षाचं पद आहे. प्रत्यक्षात ते एका नेत्याच्या गटातलं पद आहे. आपल्या जिल्ह्यात नवा पोरगा दिसला की 'हा कुणाचा?' असं विचारतात. कुठल्या विचाराचा, कुठल्या पक्षाचा, हे कुणी विचारत नाही.

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आयुष्य काढलं, म्हणून हे जवळून बघितलंय. उसाची नोंद घेताना लागणीची तारीख, उसाची जात, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू, सगळं रजिस्टरला लागतं, आणि त्या क्रमाने तोड यायला हवी. एका वर्षी संचालक मंडळाची निवडणूक झाली आणि त्या हंगामात तोडणीचा कार्यक्रम गटऑफिसातून बदलून आला. विरोधी पॅनलचा प्रचार केलेल्या एका शेतकऱ्याचा आडसाली ऊस उभाच राहिला. आजूबाजूचे फड मोकळे झाले, खोडव्याला पाणीही सुटलं, याच्या उसाला मात्र तुरा आला. रोज सकाळी तो तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या घरी जाऊन बसायचा आणि दुपारी परत जायचा. शेवटी तोड मिळाली तेव्हा वजन बरंच उतरलं होतं. हे सांगायचं कारण असं की दोन्ही पॅनल एकाच पक्षाची होती. दोघांच्या पत्रकांवर राज्यातल्या त्याच नेत्याचा फोटो होता. त्या शेतकऱ्याने पक्षाशी काहीच वावगं केलेलं नव्हतं. त्याचा गट तेवढा वेगळा होता.

आता नेत्यांकडे ये. बाळासाहेब विखे पाटील काँग्रेसचे. १९९१ ला ते काँग्रेसच्याच यशवंतराव गडाखांविरुद्ध लोकसभेला उभे राहिले, १९९८ ला शिवसेनेचे खासदार झाले, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात गेले, आणि २००४ ला पुन्हा काँग्रेसचे खासदार. राधाकृष्ण विखे २०१४ नंतर विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते. ज्या सरकारच्या विरोधात ते बोलत होते त्याच सरकारात २०१९ च्या जूनमध्ये मंत्री झाले. अकोले तालुक्यातले पिचड पितापुत्र २०१९ ला राष्ट्रवादीतून भाजपत गेले, आणि मतदारांनी त्याच वर्षी वैभव पिचडांना हरवलं. पारनेरचे नीलेश लंके शिवसेनेतून राष्ट्रवादीत आले, पक्ष फुटल्यावर अजितदादांबरोबर राहिले, आणि २०२४ ला आमदारकी सोडून शरद पवारांच्या पक्षाकडून खासदार झाले. उलट तुमच्या संगमनेर तालुक्यातले बाळासाहेब थोरात १९८५ ला अपक्ष निवडून आले, पुढे काँग्रेसमध्येच राहिले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पडले. म्हणजे पक्ष सोडला म्हणून कुणी संपतो आणि धरून ठेवला म्हणून कुणी तरतो, असा काही नियम नाही.

यात मी कुणाला शिव्या देत नाही. कारखाना, दूधसंघ, बँक, कॉलेज अशा संस्थांवर हजारो घरं अवलंबून असतात, आणि सरकार विरोधात गेलं की कर्जाची थकहमी अडते, हे मी जवळून पाहिलंय. नेत्याची अडचण खरी असते. माझा प्रश्न तुझ्याबद्दलचा आहे. ज्या रात्री नेता पक्ष बदलतो, त्या रात्री त्याच्या कार्यकर्त्याचं काय होतं? कालपर्यंत ज्या शेजाऱ्याशी बांधावर बोलणं तोडलं होतं, त्याच्याच शेजारी सकाळी फ्लेक्सवर आपला फोटो असतो. तोडलेलं बोलणं मात्र आपोआप जोडलं जात नाही.

कायद्याचा आधार घ्यायला जाशील तर तोही मिळणार नाही. पक्षांतरबंदी १९८५ साली आली, २००३ साली ती आणखी कडक केली, पण ती आमदार-खासदारांपुरती. शिवसेना २०२२ ला फुटली, राष्ट्रवादी २०२३ ला. शिवसेनेच्या वेळी दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी प्रतिज्ञापत्रं करून दिली. गावोगाव शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, गठ्ठे दिल्लीला गेले. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंद्यांना दिले ते निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींच्या बहुमतावर. राष्ट्रवादीचं घड्याळ ६ फेब्रुवारी २०२४ ला अजितदादांकडे गेलं तेही त्याच हिशेबाने. त्याआधी, मे २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की प्रतोद नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही. म्हणजे पक्ष आमदारांहून मोठा. पण पक्ष कुणाचा हे ठरवताना आमदारच मोजले गेले. मला ही गोष्ट फार लागते. ज्यांनी तीस-तीस वर्षं भिंती रंगवल्या, मतदानाच्या दिवशी सकाळपासून बूथवर बसले, त्यांच्या सहीला काही वजन उरलं नाही. आजच्या राजकारणातला सगळ्यात मोठा अन्याय मला विचारशील तर हाच आहे, आणि तो सगळ्या पक्षांनी मिळून केलाय. पक्षात खऱ्या अंतर्गत निवडणुका होत असत्या, सभासदांची यादी खरी असती, तर त्यांना मोजावंच लागलं असतं.

मग पक्षात जाऊच नये का? २०१७ चं पुणतांबं आठव. त्या वर्षी एप्रिलमध्ये गावाने ग्रामसभेत संपाचा ठराव केला, कुठल्याही पक्षाचा झेंडा न घेता, आणि १ जूनला महाराष्ट्रभर दूध-भाजीपाला थांबला. राहाता तालुक्यातल्या एका गावाने सरकार हलवलं याचा मला आजही अभिमान वाटतो. पण दुसऱ्याच रात्री काही प्रतिनिधी मुख्यमंत्र्यांशी बोलायला बसले, पहाटे संप मागे घेतल्याचं जाहीर झालं, आणि रस्त्यावरच्या शेतकऱ्यांनी ते मानलं नाही. आमच्या वतीने बोलायचा अधिकार यांना कुणी दिला, हा त्यांचा सवाल रास्त होता. नाशिककडच्यांनी संप पुढे चालवला. २४ जूनला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, ही त्या संपाचीच ताकद. पण कुणी बोलायचं, किती मागायचं, कुठे थांबायचं, हे आधी ठरवून ठेवायला संघटना लागते. पक्ष त्यासाठीच असतो. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी पक्षापासून लांब राहून माहितीचा अधिकार मिळवून दाखवला, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तरीही तो कायदा पास करायला हात वर केले ते पक्षांच्याच आमदार-खासदारांनी.

आणि पक्षात राहून स्वतःचं डोकं शाबूत ठेवलेली माणसं याच मातीत झाली. संगमनेरकडचे दत्ता देशमुख बघ. लाल निशाण पक्षाचे, पाण्याचा गाढा अभ्यास असलेले. उसाच्या मुलखात राहून त्यांनी आठमाही सिंचनाची बाजू मांडली. बागायतदारांना ते रुचणारं नव्हतं, तरी सभेत उभं राहून मांडलं, कारण पाणी सगळ्यांना पुरलं पाहिजे हा त्यांच्या पक्षाचा आणि त्यांचा विचार एकच होता. गोविंद पानसरे कोल्हारचे. गरिबीतून कोल्हापूरला गेले, वर्तमानपत्रं विकली, नगरपालिकेत शिपाई राहिले, वकील झाले. कम्युनिस्ट पक्षात जन्मभर राहिले आणि २०१५ ला गोळ्या झेलून गेले. त्यांचं सगळंच तुला पटेल असं नाही, मलाही पटत नाही. पण ते कुणाचे, असा प्रश्न त्यांच्याबद्दल कधी कुणी विचारला नाही.

म्हणून तुला माझं सांगणं असं आहे. नियुक्तीपत्र आत्ता घेऊ नकोस. पक्षाचा साधा सभासद हो, पावतीचे पैसे स्वतःच्या खिशातून भर. नेत्याने भरलेली पावती पुढे नेत्याच्याच कामाला येते. पोटापाण्याचं आधी उभं कर. तुझी पदविका आहे, दाजींच्या चार गाई आहेत, दुधाच्या पगारावर घर चालतंय. ते सोडून तू दिवसभर कुणाच्या गाडीत बसलास तर चहा-डिझेलपासून तू मिंधा होशील, आणि मिंध्या माणसाला बैठकीत 'हे चूक आहे' म्हणता येत नाही.

दुसरं, आणि हे मी कळवळून लिहितोय. मोर्चा असो, मिरवणूक असो, दुसऱ्या जातीधर्माच्या माणसाविरुद्ध घोषणा सुरू झाली की तिथून निघून ये. मोबाइलवर तसलं काही पुढे ढकलू नकोस. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात हे विष फार वाढलंय. शेवगावसारख्या गावात २०२३ च्या मे महिन्यात दगड उडाले, दुकानं बंद राहिली. अशा प्रकरणात नाव लागलं की भाषण करणारा घरी असतो आणि पोरं तारखांना उभी राहतात. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो कागद निघतोच. पण नोकरीचं सोड; ज्याच्या दुकानावर दगड पडतो त्याने तुझ्या आजोबांना उधारीवर बी-बियाणं दिलेलं असतं. हे करायला लावणारा कुठल्याही पक्षाचा असो, तो तुझा नेता नाही.

तिसरं, मेळाव्यात एक प्रश्न विचार. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. शाळाखोल्या, दवाखाने, पाणीयोजना, सगळ्याचा निर्णय निवडून न आलेल्या माणसाच्या सहीने. या काळात राज्यात सरकारं बदलली, जवळजवळ प्रत्येक पक्षाने सत्ता भोगली. आपल्या पक्षाने या निवडणुकांसाठी काय केलं, असं उभा राहून विचार. प्रश्न नम्रपणे विचार, पण माइकवर विचार. नेता शांतपणे उत्तर देतो, की नंतर तुला बाजूला घेऊन 'असं विचारायचं नसतं' सांगतो, यावरून पक्षात तुझी जागा काय असणार ते तुला त्याच दिवशी कळेल.

आणि नेता उद्या पक्ष सोडून गेला तर मी काय करीन, याचं उत्तर आजच वहीत लिहून ठेव. त्याच्यामागे जायचं तर का, थांबायचं तर का. उत्तर काहीही असो, ते तुझं असू दे. ते लिहिता येत नसेल तर तू अजून पक्षात जायला तयार नाहीस असं मी समजेन.

ताईला मी बोलतो, तिची काळजी करू नकोस. मेळाव्याच्या आधीच्या रविवारी नगरला ये. येताना तुझ्या पक्षाची घटना मिळव आणि बरोबर आण. तालुक्याच्या कार्यालयात माग, तिथे नसेल तर जिल्ह्याच्या. आपण दोघं ती पहिल्या पानापासून वाचू, आणि मग तू ठरव.

तुझा,
मामा