रेग्युलेटरच्या होजची लांबी कशी ठरवायची? आधी सुतळीने मोजा, मग ऑर्डर द्या

मालवण-तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर तुमचं छोटं स्कुबा सेंटर असेल, तर आजचा धडा तुमच्यासाठी आहे. पावसाळ्यात बोटी बंद असतात. सामानाची डागडुजी आणि नव्या हंगामाची खरेदी याच काळात होते. कॉम्प्रेसर, सिलिंडर, बीसीडी यांचा आपण दहा वेळा विचार करतो. होजचं मात्र "सेटबरोबर आला तोच चालू आहे" असं असतं.

पण पाण्याखाली एखाद्याची हवा संपली, तर दुसऱ्याची हवा त्याच्या तोंडापर्यंत पोचणार की नाही, हे ही साधी रबरी नळी ठरवते. म्हणून आजचं सूत्र पाठच करा: होज कोणापर्यंत पोचायचा आहे, ते आधी ठरवा. लांबी त्यातून निघते.

१. एका सेटवर होज किती आणि कोणते?

सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज. त्यातून साधारण चार होज निघतात:

- मुख्य सेकंड स्टेजचा: उजव्या खांद्यावरून तोंडाकडे. साधारण ७० ते ७५ सेंमी, म्हणजे २८ ते ३० इंच.
- ऑक्टोचा, म्हणजे दुसऱ्याला देण्याच्या सेकंड स्टेजचा: बहुधा पिवळा. ९० ते १०० सेंमी, म्हणजे ३६ ते ४० इंच.
- बीसीडीच्या इन्फ्लेटरचा: डाव्या खांद्यावरून. ५५ ते ७० सेंमी.
- प्रेशर गेजचा: डाव्या बाजूला. कमरेला क्लिप करणार असाल तर ६० सेंमी पुरतो, नाहीतर ८० ते ९० सेंमी.

पहिले तीन कमी दाबाचे, गेजचा जास्त दाबाचा. दोघांचे आटे वेगळे असतात, एकाचा होज दुसऱ्याच्या पोर्टमध्ये बसत नाही. ऑर्डर देताना लांबीबरोबर प्रकारही लिहा.

२. आखूड झाला तर काय, लांब झाला तर काय?

मुख्य होज आखूड असेल तर मान वळवली की माउथपीस ओढला जातो. पर्यटक तो दातांनी घट्ट धरून ठेवतो, जबडा दुखतो, आणि बिचाऱ्याला वाटतं स्कुबा म्हणजे असंच असतं. जास्त लांब असेल तर डोक्याशेजारी मोठा वळसा तयार होतो. तो पाण्यात ओढ देतो, खडकात किंवा जाळ्याच्या तुकड्यात अडकू शकतो.

ऑक्टोचा होज आखूड असेल तर दोघांना अगदी छातीला छाती लावून वर यावं लागतं. लांब असेल आणि नीट अडकवला नसेल तर तो खाली लोंबकळतो, वाळूतून घासत जातो. मग गरजेच्या वेळी तोंडात हवेबरोबर वाळू!

३. सात फुटी होज घ्यायचा का?

परदेशी व्हिडिओ बघून पुष्कळ जण हा प्रश्न विचारतात. सुमारे २१० सेंमीचा हा होज अमेरिकेत, फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांनी रूढ केला. कारण सरळ आहे. अरुंद भुयारात दोघं शेजारी-शेजारी मावत नाहीत. एकामागे एक पोहताना मागच्याची हवा पुढच्यापर्यंत पोचायला तेवढी लांबी लागते. या पद्धतीत आपल्या तोंडातला रेग्युलेटर समोरच्याला द्यायचा आणि गळ्यात रबरी दोरीला अडकवलेला दुसरा स्वतः घ्यायचा. त्या दुसऱ्याचा होज ५५ ते ६० सेंमीचा पुरतो.

खुल्या समुद्रात १५० सेंमीचा, किंवा उजव्या काखेखालून आणलेला १०० सेंमीचा होजही याच पद्धतीने चालतो. पण लक्षात घ्या, तुम्ही नुसता होज बदलत नाही, हवा देण्याची रीतच बदलता. सगळ्या स्टाफचा सराव झाल्याशिवाय हा बदल करू नका.

४. आता आपल्या धंद्याचा खरा प्रश्न

पुस्तकातली चित्रं समोरासमोर असलेल्या दोन डायव्हरची असतात. आपल्याकडे मोठा धंदा आहे पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाचा. त्यात इन्स्ट्रक्टर अनेकदा पर्यटकाच्या मागे किंवा बाजूला राहून त्याला धरून नेतो. म्हणजे इन्स्ट्रक्टरचा ऑक्टो पर्यटकाच्या सिलिंडरला वळसा घालून पुढे, त्याच्या तोंडापर्यंत जायला हवा. समोरासमोर आरामात पुरणारा ९० सेंमीचा होज इथे अपुरा पडू शकतो. पर्यटकाच्या सेटवर त्याचा स्वतःचा ऑक्टो असतो, पण त्याच्याच सिलिंडरची हवा संपली तर त्याचा उपयोग शून्य.

म्हणून सुतळीची चाचणी करा. खर्च पाच रुपये, वेळ दहा मिनिटं:

१. दोघांनी जमिनीवर पूर्ण सेट चढवा, पाण्यात असता तसेच उभे राहा.
२. इन्स्ट्रक्टरच्या फर्स्ट स्टेजला सुतळी बांधा. होज जिथून जातो तिथूनच ती पर्यटकाच्या तोंडापर्यंत न्या.
३. पर्यटकाला मान डावीकडे, उजवीकडे आणि वर करायला सांगा. सुतळी ताणली गेली तर वाढवा.
४. ती लांबी मोजा आणि बाजारात मिळणाऱ्या त्याच्या पुढच्या मापाचा होज घ्या.

हीच चाचणी तुमच्या सर्वांत धिप्पाड आणि सर्वांत लहान चणीच्या माणसावर करून बघा.

५. खरेदीचे तीन नियम

एक, सगळे सेट सारखे ठेवा. दहा सेट असतील तर दहाही एकाच मांडणीचे. घाईत कोणीही कुठलाही सेट उचलला तरी हात बरोबर जागी गेला पाहिजे. सुटे होज ठेवणंही सोपं होतं.

दोन, नुसती लवचिकता बघून भुलू नका. विणलेल्या आवरणाचे होज हलके असतात. पण उष्ण हवामानात काहींच्या आतल्या प्लास्टिक अस्तराचे स्फटिक होऊन हवेचा मार्ग अडल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. कुठलाही होज घ्या, बसवल्याची तारीख वहीत लिहा आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदला. टोकाशी चिरा, फुगवटा दिसला तर मुदतीची वाट बघू नका. कमी दाबाचा होज फुटला तर सिलिंडर फार झपाट्याने रिकामा होतो.

तीन, होज प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्या. नंतर गळती तपासा आणि पर्यटकाला देण्याआधी स्वतः उथळ पाण्यात वापरून बघा.

तुमचा गृहपाठ: या आठवड्यात सुतळीची चाचणी करा आणि प्रत्येक सेटचे चार आकडे वहीत उतरवा. किती सेट सारखे निघाले ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये कळवा. होज मागवायचे असतील तर ती वही समोर ठेवूनच ऑर्डर द्या.

भेटूया पुढच्या धड्यात.