गज एकच असावा

व्यापारी बंधूंनो, दुकाने तीन असली तरी गज एकाच मापाचा लागतो. संगणकाच्या कामातही हाच नियम आहे, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

किरकोळ बिल, घाऊक बिल आणि ऑनलाइन ऑर्डर यांसाठी आम्ही तीन प्रोग्राम करून घेतले. कर काढणारा कोड तिन्हींत वेगवेगळा उतरवला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,००० रुपयांवरील, पण २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. दोन ठिकाणी दुरुस्ती झाली, तिसरे राहून गेले. गिऱ्हाइकांचे जादा पैसे परत करावे लागले. गेलेला विश्वास मात्र लवकर परतत नाही.

आता हा कोड एकाच ठिकाणी ठेवून तिन्ही प्रोग्राम त्याला जोडले आहेत. प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक देतो आणि जुन्या बिलांवर तपासूनच ती लावतो. दरांपुढे तारीखही असते, कारण परत आलेल्या मालाला मूळ बिलाचाच दर लागतो.

परका कोड घेतल्यास त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघ्या ११ ओळींचा मोफत कोड कर्त्याने एनपीएम या भांडारातून काढून घेतला आणि जगभर अनेकांची कामे अडली. उसन्या गजावर दुकान चालत नाही.