फळी भिंतीवर, भार कुणावर?

मित्रहो, हॉस्टेलची खोली असो की घर, जागा कमी पडली की आपली नजर भिंतीकडे जाते. खाली पलंग, टेबल, बॅगा. वर मात्र भिंत मोकळीच. तिथं एक फळी बसवली की पुस्तकांची सोय होते. त्यातही ब्रॅकेट न दिसणारी, भिंतीतूनच उगवल्यासारखी वाटणारी फळी, म्हणजे 'फ्लोटिंग शेल्फ', सगळ्यांनाच आवडते.

मी नालासोपाऱ्याचा. आमच्याकडे ही फळी निव्वळ हौस नसते. एका खोलीत चार-पाच माणसं राहतात, आणि पावसाळ्यात तळमजल्यावरच्या कित्येक घरांत पाणी शिरतं. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल. अशा वेळी पुस्तकं, मार्कशीट, रेशनकार्ड जमिनीपासून वर असणं गरजेचं असतं. आणि त्याच फळीखाली रात्री घरातलं कुणीतरी झोपलेलं असतं! म्हणून फळी नुसती सुंदर असून चालत नाही, ती पडता कामा नये.

लाकडाच्या वखारीत गेल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : "सगळ्यात मजबूत लाकूड कोणतं?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. का, ते आपल्याच अभ्यासक्रमातल्या सूत्रांनी पाहू.

हार्डवुड म्हणजे कठीणच असं नाही

रुंद पानांच्या झाडाचं लाकूड ते हार्डवुड आणि पाइन, देवदार यांसारख्या सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. ही वर्गवारी वनस्पतिशास्त्रातली आहे. त्यामुळे सागवान, ऐन, शिसम, बाभूळ, आंबा, फणस, शिवण ही सगळी हार्डवुड. पण काटेसावरही हार्डवुडच, आणि तिचं लाकूड इतकं मऊ की काड्यापेटीच्या काड्या करायला वापरतात. तेव्हा दुकानदार 'हार्डवुड आहे' एवढंच म्हणाला तर समाधान मानू नका, झाडाचं नाव विचारा.

आधी गणित

समजा फळी ९०० मिमी लांब, २०० मिमी खोल आणि ३८ मिमी जाड आहे. तिच्यावर २५ किलो पुस्तकं ठेवायची आहेत. (आपली जाडजूड टेक्स्टबुकं ओळीनं लावली तर एवढं वजन सहज भरतं.) सागवानाची घनता घनमीटरला सुमारे ६५० किलो धरली तर फळीचं स्वतःचं वजन साडेचार किलोच्या आसपास. एकूण भार ३० किलो, म्हणजे साधारण ३०० न्यूटन.

दोन टोकांजवळ, ७०० मिमी अंतरावर आधार दिला तर मध्ये फळी किती वाकेल? सागवानाचा इलॅस्टिक मॉड्युलस सुमारे १० गिगापास्कल घ्या आणि नेहमीचं सूत्र वापरा. उत्तर येतं ०.१ मिमीच्या जवळपास. वर्षानुवर्षं भार राहिल्यानं क्रीप होऊन ते दुप्पट झालं, तरी डोळ्यांना दिसणार नाही. सागवानाऐवजी आंबा घेतला काय किंवा ऐन घेतला काय, आकडा थोडाफार बदलेल, इतकंच.

जाडी मात्र फार मोठा फरक करते, कारण ती सूत्रात घनाच्या रूपात येते. हीच फळी १८ मिमीची केली तर वाकणं नऊपटीनं वाढतं. तरी ते एक मिमीच्या आसपासच राहतं. मग ३८ मिमी जाडी कशाला? कारण आधाराच्या लोखंडी सळ्या फळीच्या पोटात घालायच्या असतात. ३८ मिमी फळीत १२ मिमीचं भोक पाडलं तर वर-खाली १३-१३ मिमी लाकूड उरतं. १८ मिमी फळीत उरतं फक्त ३-३ मिमी. पुस्तकांच्या भारानं सळी लाकडाला रेषांच्या आडव्या दिशेनं फाकवू पाहते, आणि लाकूड सगळ्यात दुबळं असतं ते याच दिशेनं. फळी मधून मोडत नाही, ती भोकापाशी चिरते.

सारांश, ताकदीच्या परीक्षेत बहुतेक सगळी चांगली लाकडं पास होतात. निवड करायची ती दुसऱ्या विषयांत.

पहिला विषय : दमट हवा

लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि सोडतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर लाकडातलं पाणी ११ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. आर्द्रता ८५ टक्के झाली की ते १७ टक्क्यांपर्यंत जातं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मिठागरं आणि चार महिने पाऊस. आमच्याकडे लाकडाला दरवर्षी एवढा चढउतार सोसावा लागतो.

लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं. तेही कसं कापलंय त्यावर अवलंबून. सागवान पूर्ण ओलं असल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेनं सुमारे ५ टक्के आकसतं, गाभ्यापासून सालीच्या दिशेनं मात्र त्याच्या निम्मंच. त्रैराशिक मांडलं तर आपल्या २०० मिमी फळीची रुंदी पावसाळ्यात २ मिमीनं वाढते; उभी चिरलेली फळी असेल तर १ मिमीनं. ऐन किंवा साल यांचं आकसणं ७-८ टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे तीच फळी ३ मिमी हलते. ऐन सागवानापेक्षा जड आणि कठीण आहे. पण नीट सुकवलेला नसला तर त्याला पीळ पडतो, टोकांना चिरा जातात.

उभी चिरलेली फळी ओळखायची कशी? तोंडावर सरळ, समांतर रेघा दिसल्या तर ती उभी चिरलेली. डोंगरासारखी नक्षी दिसली तर आडवी. नक्षी दिसायला छान, रेघा टिकायला छान!

दुसरा विषय : वाळवी आणि लोखंड

सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण झाडाच्या बाहेरच्या भागातल्या पांढुरक्या लाकडाला हे लागू नाही. कोवळ्या झाडात हा पांढुरका भाग जास्त असतो. तेव्हा 'सागवान' या नावाला पैसे देण्यापूर्वी फळीची कड बघा. आंबा आणि रबरवुड यांना कीड व बुरशी लवकर लागते. बोरॉनची प्रक्रिया केलेलं लाकूड मिळालं तरच ती घ्यावीत.

आता सळ्यांचा प्रश्न. टॅनिन जास्त असलेल्या ओलसर लाकडात लोखंड गंजतं आणि लाकडावर काळे डाग पडतात. युरोपातल्या ओकच्या जहाजांत हा त्रास होता. सागवानात तेलकट द्रव्य असतं, त्यामुळे लोखंडाशी त्याचं जमतं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं मलबारी सागवानाची जहाजं बांधली, त्यामागचं हे एक मोठं कारण. १८१७ साली मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथं पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं समुद्राला पुरून उरलेलं लाकूड आपल्या पावसाळ्याला काय भिणार?

मग घ्यायचं कोणतं?

पैसे असतील तर सागवान, आणि तेही नीट सुकवलेलं. जुन्या इमारती आणि घरं पाडल्यावर निघणारे तुळया-चौकटींचे सागवानी तुकडे जुन्या लाकडाच्या बाजारात मिळतात. ते वर्षानुवर्षं मुरलेले असतात आणि फळीपुरता तुकडा नव्या मालापेक्षा स्वस्त पडू शकतो. फक्त रंधा मारण्यापूर्वी आतले खिळे शोधून काढायला सांगा.

शिसमही टिकाऊ आणि फारसं न हलणारं, पण जड. शिवण हलकं, घनमीटरला ५०० किलोच्या आसपास. ते फुगतं कमी, हलक्या सामानाला उत्तम. फणसाचं लाकूड कोकणात घरांना पूर्वीपासून वापरलं जातं, मिळालं तर जरूर घ्या. ऐन आणि बाभूळ मजबूत खरे, पण त्यात दीडशे मिमी खोल सरळ भोक पाडताना मिस्त्रीची परीक्षा होते. दिवाणखान्यात मिरवायच्या नाजूक फळीसाठी ते घेऊ नयेत, असं माझं मत.

लाकूड सुकलंय का, हे प्रयोगशाळेत तपासता येतं. त्याच फळीचा छोटा तुकडा वजन करा, १०३ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला तर पाणी १२ टक्के. आपल्या भागासाठी १२ ते १४ टक्के योग्य. २० च्या वर निघालं तर फळी खोलीत काही आठवडे हवा खेळेल अशी आडवी ठेवा, मगच कापा.

निम्मी फळी भिंतीत असते

आपल्या फळीचा ३०० न्यूटन भार भिंतीपासून सरासरी १०० मिमी अंतरावर पडतो. तीन सळ्या असतील तर प्रत्येकीवर १०० न्यूटन. भिंतीला २० मिमी प्लॅस्टर आहे, ते भार घेत नाही, उलट अंतर १२० मिमी करतं. म्हणजे प्रत्येक सळीवर १२ न्यूटन-मीटर मोमेंट. १२ मिमीची सळी हे हसत पेलते. विटेचं काय?

सळी प्लॅस्टरपासून धरून १०० मिमी आत गेली असेल तर विटेत ८० मिमी बसते आणि विटेवरचा दाब सरासरी अर्ध्या मेगापास्कलच्या आसपास राहतो. तीच सळी ५० मिमीच घातली तर विटेत उरते ३० मिमी, आणि दाब ३ मेगापास्कलच्या पुढे जातो. साधी वीट किंवा सिपोरेक्स ब्लॉक इथंच भुगा व्हायला लागतो. लाकूड कितीही भारी असो, सळी आखूड असली तर फळी खाली येणारच.

म्हणून नऊ इंची विटेच्या भिंतीत निदान १०० मिमी खोल सळी आणि केमिकल अँकर वापरा. नुसत्या प्लॅस्टिकच्या गिट्टीवर पुस्तकांचा भार टाकू नका. चार इंची पार्टिशन असेल तर सरळ खालून दिसणारा ब्रॅकेट लावा. दिसण्यापेक्षा डोकं महत्त्वाचं! पावसात ओल धरणारी बाहेरची भिंत शक्यतो टाळा, आणि भोक पाडण्यापूर्वी आतून विजेची वायर जात नाही ना, ते बघा.

बसवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. सळ्यांच्या पूर्ण लांबीवर गोंद भरू नका. फळी फक्त भिंतीजवळच्या टोकाला पक्की करा, म्हणजे पावसाळ्यात ती सळीवरून पुढे सरकू शकेल, नाहीतर चिरेल. दुसरं, पॉलिश वरखाली, मागे, टोकांना, सगळीकडे सारखं मारा. एकाच बाजूला मारलं तर दुसरी बाजू जास्त पाणी पिते आणि फळीला बाक येतो.

शेवटी चाचणी. पुस्तकं ठेवण्याआधी दीडपट भार, म्हणजे साधारण डझनभर विटा, एक दिवस फळीवर ठेवा. खाली कुणालाही बसू देऊ नका. पुढच्या कडेची जमिनीपासूनची उंची आधी आणि नंतर मोजा. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर दोष बहुधा लाकडात नाही, भिंतीत आहे. पहिला पावसाळा सरल्यावर हीच उंची पुन्हा एकदा मोजा.

तेव्हा मित्रहो, वखारीत जाल तेव्हा "मजबूत कोणतं?" असं विचारू नका. "किती सुकलंय, कसं चिरलंय, गाभा किती आहे?" असं विचारा. आणि त्याआधी घरी भिंतीवर टकटक करून ती कशाची आहे ते बघून जा.