बिलिंगचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

या आठवड्याच्या व्हिडिओत जे दाखवलं, ते इथे लिहून देतोय. प्रिंट काढून काउंटरजवळ चिकटवून ठेवा.

समजा, संध्याकाळचे सात वाजलेत. काउंटरवर पाच गिऱ्हाईकं उभी आहेत. तुम्ही बिल प्रिंट करायला जाता आणि स्क्रीन एकदम निळी होते. (नव्या विंडोज ११ मध्ये हीच स्क्रीन काळी दिसते.) कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं, "फॉरमॅट मारावा लागेल." पण त्या मशीनमध्ये तुमची वर्षभराची विक्री, उधारी आणि जीएसटीचा हिशोब आहे. बॅकअप नसताना फॉरमॅट मारला, तर कॉम्प्युटर चालू होईल, पण धंद्याची वही कोरी होईल.

ड्रायव्हर म्हणजे काय?

प्रिंटर, बारकोड स्कॅनर, डिस्प्ले, वायफाय या प्रत्येकाशी विंडोजला बोलायला एक दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. साधं सॉफ्टवेअर बिघडलं तर तेवढंच बंद पडतं. पण बरेच ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतात. तिथे एकाने घोळ घातला, तर डेटा खराब होऊ नये म्हणून विंडोज सगळंच थांबवतं.

मोठं उदाहरण बघा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल जगभर गेली. त्यांचं सॉफ्टवेअर ड्रायव्हर म्हणून याच गाभ्यात चालतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर कोसळले. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. आणि इलाज काय होता? बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकणं. फॉरमॅट नाही!

म्हणून पहिला प्रश्न कायम हाच विचारायचा: बिघाड सुरू व्हायच्या आधी काय बदललं? नवा प्रिंटर लावला? विंडोज अपडेट झालं? कुणी काही इन्स्टॉल केलं?

आता क्रमाने करा

१. फोटो काढा. त्या स्क्रीनवर खाली 'स्टॉप कोड' असतो. कधी कधी शेवटी 'डॉट एसवायएस' असलेलं फाइलचं नाव पण दिसतं. मोबाइलवर फोटो घ्या. ते नाव इंटरनेटवर शोधलं की बऱ्याचदा कळतं, ड्रायव्हर डिस्प्लेचा आहे की वायफायचा.

२. तारीख शोधा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. कोणत्या दिवशी काय इन्स्टॉल झालं आणि कधी बिघडलं, दोन्ही एकाच तक्त्यात दिसतं. लाल फुलीच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय झालंय ते बघा.

३. सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी ४ नंबर. विंडोज सुरूच होत नसेल, तर चालू होतानाच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीन वेळा केलं की दुरुस्तीचा मेनू येतो. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की मागेल, ती आजच लिहून ठेवा.

सेफ मोडमध्ये फक्त गरजेपुरते ड्रायव्हर चालतात. इथे कॉम्प्युटर व्यवस्थित चालला, तर संशय ड्रायव्हरवर किंवा नंतर टाकलेल्या सॉफ्टवेअरवर. सगळ्यात आधी बिलिंगचा डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. बाकी सगळं नंतर.

४. ड्रायव्हर मागे न्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण फिकट दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग अनइन्स्टॉल करा आणि कंपनीच्या वेबसाइटवरून मॉडेल नंबर बघून ड्रायव्हर घ्या.

५. अपडेट काढा किंवा सिस्टम रिस्टोअर करा. दर वेळी दोष प्रिंटर कंपनीचाच असतो असं नाही. मार्च २०२१ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही प्रिंटरवर प्रिंट देताच निळी स्क्रीन यायची. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वेगळं दुरुस्ती अपडेट दिलं. ज्यांनी घाईने नवा प्रिंटर घेतला असेल, त्यांचे पैसे फुकट गेले.

६. तरीही थांबत नाही? दर वेळी स्टॉप कोड वेगळा येतोय किंवा सेफ मोडमध्येही बंद पडतोय, तर रॅम, हार्ड डिस्क, उष्णता यांची तपासणी करून घ्या. आता कॉम्प्युटरवाल्याला बोलवा, पण फोटो आणि तारखा हातात ठेवून.

पुन्हा होऊ नये म्हणून

- 'सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करा' म्हणणारी सॉफ्टवेअर दुकानाच्या मशीनवर नकोत.
- सिस्टम प्रोटेक्शन चालू आहे का बघा. अनेक मशीनवर ते बंदच असतं. नवीन काही टाकण्याआधी रिस्टोअर पॉइंट बनवा.
- सणाच्या आठवड्यात किंवा जीएसटी रिटर्नच्या तारखेजवळ ड्रायव्हरला हात लावू नका. विंडोज अपडेट काही दिवस 'पॉज' करता येतं.
- रोज दुकान बंद करताना डेटाचा बॅकअप घ्या. गल्ला मोजतो तसाच.
- काउंटरखाली एक छापील बिलबुक कायम ठेवा. मशीन बंद पडलं तरी विक्री थांबता कामा नये.

आजचा गृहपाठ: रिलायबिलिटी हिस्टरी उघडा, लाल फुल्या मोजा. मग पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतोय का ते तपासा. न उघडणारा बॅकअप म्हणजे बॅकअप नाहीच. दोन्ही झाल्यावर व्हिडिओखाली 'झालं' एवढंच लिहा. भेटू पुढच्या धड्यात!