टसरची आवड आहे, पण नोकरी कुठे?

टेक्सटाईल म्हणजे बंद पडलेल्या गिरण्या, हे मध्य रेल्वेवरच्या पालकांच्या मनात पक्कं बसलंय. ठाण्यात तर रेमंडच्या गिरणीच्या जागेवरचे टॉवर रोज दिसतात. त्यामुळे बारावी सायन्सची मुलगी ‘मला टसरवर काम करायचंय’ म्हणाली की घरात शांतता पसरते.

नोकरी आहे, पण मुलीला वाटते तिथे नाही.

टसर हे रानातलं रेशीम. विदर्भात त्याला कोसा म्हणतात. गडचिरोलीत आरमोरीकडची ढिवर कुटुंबं ऐनाच्या झाडांवर अळ्या वाढवतात, पक्ष्यांपासून राखतात. पाऊस लांबला, रोग पडला की पीक गेलं. डोंबिवलीहून जाऊन हे जरूर बघावं, पण पोटापाण्याचा हिशेब त्यावर मांडू नये.

शिकलेल्या माणसाचं काम कोश तोडल्यानंतर सुरू होतं. टसरचा कोश तुतीच्या कोशापेक्षा टणक; सोड्यासारख्या अल्कलीत शिजवल्याशिवाय धागा सुटत नाही. धागा जाडसर आणि मुळातच मधाच्या रंगाचा, त्यामुळे फिकट छटा चढवणं ही डोकेदुखी. ब्लीच जास्त झालं तर धागा दुबळा, कमी झालं तर रंग मळकट. पतंग बाहेर पडून भोक पडलेला कोश उकलत नाही, तो कातावा लागतो. त्या खरबरीत सुताचे पडदे आणि जॅकेटं देखणी होतात. अखंड धाग्यातून विदर्भातली करवत काठी साडी विणली जाते, तिला भौगोलिक मानांकन आहे.

हे शिकायच्या जागा स्लो लोकलवरच आहेत. माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये टेक्सटाईल अभियांत्रिकी, आयसीटीमध्ये तंतू आणि कापड-प्रक्रिया. दोन्हीकडे गणित आणि सीईटी लागते. डिझाइनकडे ओढा असेल तर खारघरचं निफ्ट, त्याची परीक्षा वेगळी.

पहिली नोकरी टसरमध्येच मिळेल असं समजू नका. देशातलं बहुतांश रेशीम तुतीचं आहे. डोंबिवली एमआयडीसीतलं डाइंग, भिवंडीचे यंत्रमाग, शहाडचं सेंच्युरी रेयॉन किंवा कापड तपासणारी प्रयोगशाळा, सुरुवात इथून होते. २००४मध्ये सिल्क मार्क हा शुद्धतेचा शिक्का आल्यावर शुद्ध रेशीम ओळखणाऱ्यांनाही काम आहे.

फॉर्म भरण्याआधी मुलीला एकच विचारा: केमिस्ट्री आवडते का? नसेल आवडत, तर आयसीटीचा हट्ट धरू नका.