‘पूर्ण फंडिंग’ म्हणजे कोणाची फी?

पीएचडीच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘पूर्ण फंडिंग’ असं छापलं होतं. हे आधी सांगते, कारण नंतर ‘नियम वाचायला हवे होते’ असं मलाच ऐकवलं गेलं. नियम मी वाचले होते. परदेशी विद्यार्थ्याची वाढीव फी यात धरली आहे का, हे ज्यांच्याकडे पीएचडी करणार होते त्या प्राध्यापकांना मेलवर दोनदा विचारलंही होतं. “त्याची काळजी नको, ते विभाग बघेल,” हे त्यांचं उत्तर माझ्याकडे आजही आहे.

विद्यापीठ ब्रिटनमधलं, आणि विषय माझ्या जिव्हाळ्याचा. वाळवीला मुकादम नसतो, तरी वारूळ उभं राहतं. तसं बांधकाम करणारे रोबो. हार्वर्डच्या टर्मीस रोबोंवरचा 2014 चा पेपर वाचल्यापासून मला यातच पीएचडी करायची होती. प्राध्यापक भरभरून बोलायचे. वाळवीचे अभ्यासक ग्रासे यांनी 1959 मध्ये मांडलेल्या स्टिग्मर्जीवरून, म्हणजे आधीच्या कामाच्या खुणेवरून पुढचं काम ठरण्याच्या कल्पनेवरून, सुरू झालेली चर्चा तासभर चालायची. मग त्यांनी सुचवलं, थव्यातले काही रोबो मध्येच बंद पडले तर भिंतीचं काय होतं, ते आर्गोस सिम्युलेटरवर करून दाखव. पुण्यातली नोकरी सांभाळून मी रात्री जागून ते केलं. कोड, आलेख, प्रपोजल, सगळं पाठवलं. माझे आलेख त्यांनी प्रयोगशाळेच्या बैठकीत दाखवले, हेही त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं.

ऑफर लेटर आलं तेव्हा घरी पेढे आले होते. त्यातल्या फीच्या तक्त्यात एक ओळ होती: शिष्यवृत्तीतून फी स्थानिक दराने; उर्वरित रक्कम विद्यार्थ्याने भरावी. उर्वरित म्हणजे वर्षाला वीस हजार पौंडांहून जास्त. मला वाटलं, छापताना चूक झाली. कार्यालयाला लिहिलं, तर नियम पहिल्यापासून असाच आहे असं उत्तर आलं. एरवी रात्री अकरालाही मेलला उत्तर देणारे प्राध्यापक एकदम गप्प झाले. पुष्कळ दिवसांनी दोन ओळी आल्या: हे माझ्या हातात नाही, तुझं काम उत्तम आहे, दुसरीकडे उपयोगी पडेल. ‘काळजी नको’ असं स्वतः लिहिलं होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

म्हणून या वाटेने जाणाऱ्यांना सांगते. फंडिंगबद्दल प्राध्यापकांचा शब्द पुरेसा नाही. फी कोणत्या दराने आणि फरक कोण भरणार, हे विभागाच्या कार्यालयाकडून लेखी घ्या. ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीतून 2021 पासून परदेशी विद्यार्थी घेता येतात, पण साधारण 30 टक्क्यांपर्यंतच, आणि तिथेही निधीतून फी स्थानिक दरानेच मिळते. स्टायपेंड किती महिन्यांचा, व्हिसाबरोबरचा आरोग्य अधिभार कोण भरणार, हेही विचारा. रोबोटिक्ससाठी भारतीयांना एटीएएस प्रमाणपत्रही (संवेदनशील विषयांसाठीची ब्रिटिश सरकारची परवानगी) लागतं, त्याला वेळ जातो. जर्मनीत बहुतेक वेळा नोकरीचा करार असतो, पण पगार पूर्ण की 65 टक्के, ते बघा.

प्रयोगशाळेत खरे रोबो किती आहेत, हे विचारायला लाजू नका. 2014 मध्ये किलोबॉट नावाच्या 1,024 चिमुकल्या खऱ्या रोबोंनी एक आकृती पूर्ण करायला सुमारे बारा तास घेतले. प्रत्यक्षातला रोबो घसरतो, अडकतो, त्याची बॅटरी संपते. नुसत्या सिम्युलेशनवर चार वर्षं काढलीत तर यातलं काही हाताला लागणार नाही. आणि ‘बायो’ नावापुरतं आहे का, तेही तपासा. ब्रसेल्समध्ये दनबूर्ग यांचे मुंग्यांवरचे प्रयोग आणि दोरिगोंचे रोबो एकाच विद्यापीठात वाढले. तुमच्या गाईडच्या पेपरांत एखादा जीवशास्त्रज्ञ सहलेखक आहे का? बाकी, एकाच ठिकाणावर अवलंबून राहू नका, चार ठिकाणी अर्ज करा, आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला.

आणि ऑफर हातात येईपर्यंत पूर्ण कोड देऊ नका. आलेख दाखवा, पद्धत समजावून सांगा, कोड तारखेसह स्वतःच्या नावावर ठेवा. माझा कोड त्या प्रयोगशाळेत अजून आहे. तो वापरलात तर माझं नाव लागलं पाहिजे, असं मी त्यांना लेखी कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही.